उंबरखिंड, चार कवड्या आणि बोटभर मावळे

दिवाळीच्या किल्ल्यावर लढाई कधीच होत नाही, हे तुमच्या कधी लक्षात आले आहे का? तोफा असतात, पण त्या कुणावर रोखलेल्या आहेत ते कळत नाही. मावळे पायऱ्यापायऱ्यांवर भालदारासारखे उभे. महाराज सिंहासनावर. खाली गवळण, भाजीवाली, बैलगाडी, विहीर, आणि गुहेच्या तोंडाशी मावळ्याच्या दुप्पट आकाराचा वाघ. सगळे शांत. शत्रू नावाची वस्तूच नाही. बाजारात मावळे डझनावारी मिळतात, पण मुघल शिपाई मागायला गेलात तर दुकानदार तुमच्याकडे नीट बघून घेईल.

मला या किल्ल्यांची थट्टा करायची नाही. विटा, दगड, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, वर हळीव नाहीतर मोहरी, आणि वसुबारसेपर्यंत हिरवेगार डोंगर. सलाईनच्या नळीचे कारंजे ज्याने पहिल्यांदा केले त्या पोराला तर मी मनातून नमस्कार करते. पण चौतीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवल्यावर (आधी पेणला, मग रोह्याला) एक गोष्ट मनात राहून गेली होती. आम्ही मुलांना लढाया 'झाल्या' म्हणून शिकवतो. झाली, जिंकली, तह झाला, रिकाम्या जागा भरा. ती होत असताना कुणालाच शेवट ठाऊक नव्हता, हे मात्र कधीच शिकवता येत नाही. किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांनाही तो ठाऊक असतो. म्हणून तर ते इतके निवांत उभे असतात.

मागच्या दिवाळीला नातवंडे रोह्याला आली तेव्हा आम्ही ठरवले की या वर्षी किल्ला नाही, खिंड करायची. आणि ती नुसती बघायची नाही, खेळायची.

आता खिंड कुठली, हा प्रश्नच नव्हता. रायगड जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने उंबरखिंड सोडून दुसरी निवडली तर त्याला काय म्हणावे! खोपोलीहून पालीकडे येताना डावीकडे सह्याद्रीच्या पोटात आत शिरले की चावणी गाव लागते, आणि तिथे अंबा नदीच्या काठी ही जागा आहे. आज तिथे स्मारक आहे. हीच अंबा पुढे पाली, नागोठणे करत धरमतरच्या खाडीला मिळते, म्हणजे आम्हा पेण-रोह्याकडच्यांच्या घरचीच म्हणायची. पावणेचारशे वर्षे होत आली, पण लढाई अगदी आपल्या शेजारच्या आळीत झाल्यासारखी वाटते ती या नदीमुळे.

प्रसंग थोडक्यात सांगते, कारण पुण्या-मुंबईची आमची मंडळी शाळेत पास होण्यापुरताच इतिहास वाचून गेली आहेत. शाएस्ताखान मे १६६० मध्ये पुण्यात येऊन बसला. चाकणचा एवढासा भुईकोट घ्यायला त्याला छप्पन्न दिवस लागले. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो तसा लढवला. पुढे खानाने कोकणकडे हात घालायचे ठरवले. कल्याण, भिवंडी, पनवेल, नागोठणे हा सगळा पट्टा, म्हणजे महाराजांचे बंदरांचे आणि मिठाचे उत्पन्न. त्यासाठी कारतलबखान नावाचा उझबेक सरदार मोठी फौज घेऊन निघाला. लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने उतरून तो खाली आला, आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत सापडला. पुढचे तोंड मराठ्यांनी धरलेले, मागचे धरलेले, दोन्ही बाजूंना रान. बाण आणि गोळ्या झाडीतून येत होत्या, येणारा हात दिसत नव्हता. खान शरण आला, जवळचे होते ते देऊन टाकले, आणि महाराजांनी त्याला फौजेसह जाऊ दिले.

जाऊ दिले. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण सगळा खेळ पुढे त्यावरच अडला.

ही हकिकत सविस्तर मिळते ती कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त. परमानंद मूळचा नेवाशाचा, त्याची समाधी मात्र आपल्या पोलादपूरला आहे. काव्य संस्कृतात आहे. त्याची पोथी तंजावरला सापडली आणि सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ साली छापून आणले. दरबारचा कवी आहे, तेव्हा तो महाराजांचे उणे लिहिणार नाही, हे गृहीत धरूनच वाचायचे. पण काव्य असूनही त्याची नजर भूगोलावर आहे. वारा नसलेले रान, एकामागून एक जावे लागणारी वाट, पाण्यावाचून झालेली फौजेची दशा हे सगळे त्यात आहे. आम्हाला तर नकाशाच मिळाला.

आता सैन्य. मोठ्यांच्या खेळात याला काय काय म्हणतात ते धाकट्या नातवाने मला संगणकावर दाखवले. परदेशात टेबलावर बोटभर सैनिक मांडून लढाया खेळणारी मोठमोठी माणसे आहेत! आणि हे आजचे नाही. प्रशियात राइसवित्झ नावाच्या बापलेकांनी असा खेळ रचला. बापाने राजासाठी टेबल करून दिले, आणि मुलाने १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि पंच असे नियम बसवले. तिथल्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. पुढे एच. जी. वेल्स, म्हणजे तोच कालयंत्रवाला, याने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. जमिनीवर पालथा पडून शिशाच्या सैनिकांवर खेळण्यातल्या तोफेने नेम धरायचा. लहान लढाई खेळून बघा, म्हणजे मोठी केवढा मूर्खपणा आहे ते कळेल, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. असो. आपल्याकडे चतुरंग होताच, पण त्यात डोंगर नाही, तहान नाही, झाडी नाही. पट सगळीकडे सारखाच. उंबरखिंड बुद्धिबळाच्या पटावर मांडली तर कारतलबखान आरामात जिंकेल.

सैनिक मात्र आम्हाला परदेशातून मागवायची गरज नव्हती. पेण जवळ असताना मूर्तीसाठी कुठे जायचे? गणपती गेले की कारखान्यांत थोडी उसंत असते. माझा एक जुना विद्यार्थी हमरापूरच्या बाजूला कारखाना चालवतो. त्याच्याकडे एका कोपऱ्यात मावळ्यांचे रबरी साचे पडले होते. प्लास्टर ओतायचे, ते घट्ट झाले की रबर सोलून काढायचे, आणि हातात पांढरा मावळा. "बाई, मुघल पण पाहिजेत?" म्हणून तो हसत सुटला. त्याच्याकडे साचा नव्हता. मग त्याने एक युक्ती केली. मावळ्याचीच मूर्ती ओली असताना कोरणीने पगडी थोडी बदलली, अंगरखा शाडूने लांब केला, ढाल मोठी केली. एका दुपारी वीस मुघल. मी बघत बसले होते. ज्या हातांनी महिनाभर गणपतीच्या सोंडेची वळणे घासली, त्यांना हे काम म्हणजे पोरखेळच, पण त्याने ते तितक्याच निगुतीने केले. डोळ्यांची आखणी मात्र त्याने स्वतः केली नाही. ती मुलांना शिकवली. मूर्तीत जीव आखणीने येतो, हे पेणमध्ये शेंबडे पोरही सांगेल. एवढ्याशा डोळ्याला आखणी करताना श्वास धरावा लागतो. नात तर दर मूर्तीनंतर मोठ्याने श्वास सोडायची.

किती मूर्ती घ्यायच्या, यासाठी मी सभासद काढला. सभासदाच्या बखरीत पायदळाची बांधणी दिली आहे. दहा माणसांच्या तुकडीवर नाईक, पाच नायकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. दुकानात मावळे डझनाने मिळतात म्हणून बारा-बारा मांडायचे, हे माझ्यातल्या बाईला पटेना. आम्ही तीस मावळे घेतले, तीन नाईक. नायकाच्या कमरेला लाल दोरा. गंमत अशी की एकदा दहाची तुकडी झाली आणि तिला नाईक मिळाला, की मुले आपोआप "हा माझा नाईक" म्हणू लागली. तोवर ते सगळे नुसते मावळे होते. खानाकडे साठ मूर्ती. त्यात घोडेस्वार आणि सामानाचे सहा बैल, हे बैल पोळ्याचे, बाजारात उरलेले.

बैठकीचे काम सगळ्यात किचकट. प्लास्टरच्या मावळ्याचे पाय घोट्याशी हमखास मोडतात. त्याला टाचणीचा तुकडा आत घालून एमसीलने सांधावे लागते. मग प्रत्येक मूर्ती जाड पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर चिकटवायची, चकतीला फेव्हिकॉल लावून त्यावर कुंडलिकेची बारीक वाळू पसरायची, आणि वाळूवर सुताराकडचा भुसा रंगवून. मावळ्यांच्या बैठकींवर हिरवा भुसा आणि सुकी शेवाळ, कारण ते रानात आहेत. खानाच्या बैठकींवर नुसती वाटेची धूळ. लांबून बघताना कोण कुठला ते बैठकीवरून कळावे, एवढाच माझा हेतू होता. या बैठकींचा पुढे भलताच उपयोग झाला.

रंगाच्या दिवशी वाद झाला. धाकट्याने सगळे मुघल हिरवे करून टाकायला घेतले, काळ्या दाढ्या, लाल डोळे. मी त्याला थांबवले आणि शिवभारतातली यादी वाचून दाखवली. कारतलबखानाबरोबर कोण कोण होते? अमरसिंह, मित्रसेन, सर्जेराव गाढे, जसवंतराव कोकाटे, जाधवराव. आणि रायबागन. ब्रश हवेतच राहिला.

"कोकाटे? आमच्या वर्गात कोकाटे आहे."

"असेल की."

"मग ते आपले की त्यांचे?"

चौतीस वर्षांत वर्गात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण चौथीच्या पुस्तकातून शिकवताना ही यादी कधी फळ्यावर येतच नाही. मी त्याला जे सांगितले ते असे. त्या काळी पुष्कळ मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या निजामशाहीची, आदिलशाहीची, मुघलांची चाकरी करत होती. वतन तिथे, मुलेबाळे तिथे. खुद्द जिजाबाईंचे माहेर जाधवांचे. स्वराज्य ही तेव्हा नवी आणि जोखमीची गोष्ट होती. ती टिकेल यावर पैज लावायला १६६१ मध्ये फार थोडे लोक तयार होते. कोकाट्यांना दोष द्यायचा तर पुढचे शंभर वर्षांचे ज्ञान त्यांच्या पदरात टाकून द्यावा लागेल. त्याला किती कळले कोण जाणे. पण त्याने हिरवा रंग बाजूला ठेवला आणि मग दोघा भावंडांत खलबत झाले. शेवटी असे ठरले की गाढे, कोकाटे आणि जाधवरावांच्या माणसांची पागोटी मावळ्यांसारखीच रंगवायची. चेहरे तेच, पागोटी तीच. फक्त बैठक धुळीची.

मी काहीही सुचवले नव्हते, बरं का.

रायबागनसाठी मूर्ती मिळेना. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातली ही बाई. मूळ नाव सावित्रीबाई, आणि रायबागन, म्हणजे राजाची वाघीण, हा मुघलांनी दिलेला किताब. घोड्यावर बसून फौज चालवणारी. बाजारात बायका दोनच, गवळण आणि भाजीवाली. नातीने गवळणीच्या डोक्यावरची घागर कानशीने घासून काढली, पाय कापले, घोड्यावरच्या एका स्वाराला उतरवले आणि हिला चढवले. हातात तलवार म्हणून दात कोरायची काडी. गवळणीचे हसू तेवढे चेहऱ्यावर राहिले, ते काही पुसता येईना. लढाईच्या मध्यभागी मंद हसणारी रायबागन हे आमच्या सैन्याचे वैशिष्ट्य आहे.

खिंड ओटीवरच्या जुन्या दिवाणावर केली. विटा, त्यावर कागदाचा लगदा, मध्ये चार बोटे रुंदीची वाट, बाजूला नदी. झाडी म्हणजे आघाड्याच्या सुकलेल्या काड्या, आणि एका बाजूला खरे उंबराचे रोप, वाडीतून मातीसकट उचलून आणलेले. नावाला जागायला नको का?

नियम आम्ही तिघांनी बसवले. फाशांऐवजी कवड्या, कारण घरात अष्टाचम्म्याच्या होत्या. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितक्या काडेपेटीच्या काड्या इतके अंतर चालायचे, सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ. हिशेबाने बघितले तर सोळा वेळांत सहा वेळा दोन पडायला हवे, आणि आठ एकदाच. (खऱ्या कवड्या इतक्या सरळमार्गी नसतात. आमच्या गणिताच्या सरांनी एकदा वर्गात शंभर वेळा टाकून दाखवले होते.) रानात मावळ्याला पूर्ण चाल, मुघलाला निम्मी. वाटेवर दोघांपेक्षा जास्त माणसे शेजारी-शेजारी मावत नाहीत. पुढचा थांबला की मागचा थांबला. स्वाराला वाट सोडताच येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे धीर. प्रत्येक तुकडीजवळ पाच चिंचोके. माणूस पडला की एक चिंचोका गेला. ज्याने मारले तो दिसत नसेल तर आणखी एक. तीन खेपा पाणी मिळाले नाही तर एक. चिंचोके संपले की तुकडी जिवंत असूनही लढत नाही, जागच्या जागी बसते.

पहिला डाव धाकटा महाराजांकडून खेळला, नात खानाकडून. दहा मिनिटांत आटोपला. दुसऱ्या डावात बाजू बदलायची म्हटल्यावर पठ्ठ्या अडून बसला. मी खान होणार नाही म्हणजे नाही. मी म्हटले, मग तुला कळणारच नाही की महाराजांनी काय केले. ते वाटेवर उभे राहिल्याशिवाय दिसत नाही. मोठ्या मिनतवारीने तो बसला, आणि मग त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढे जावे तर वाट बंद. मागे फिरावे तर आपलेच सहा बैल आडवे. साठ माणसे असून लढू शकतात फक्त पुढची दोन आणि मागची दोन. बाकीचे छप्पन्न उभ्या उभ्या चिंचोके घालवत होते. "आजी, एवढी माणसं असून काहीच उपयोग नाही!" म्हणून तो रडकुंडीला आला. कारतलबखान त्या दुपारी नेमका याच जागी होता. चौथीच्या पुस्तकात 'खानाची त्रेधा उडाली' एवढे लिहून आम्ही पुढच्या धड्याला लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत एकूण अकरा डाव झाले. त्यांतले दोन खानाने जिंकले. एकदा कवड्यांनी मराठ्यांचा घात केला, आणि एकदा नातीने बैल आणि सामान घाटमाथ्यावरच टाकून सगळ्या फौजेनिशी पळत खिंड ओलांडली.

हे दोन डाव नात्यातल्या एका गृहस्थांच्या कानावर गेले आणि त्यांचा फोन आला. खेळात का होईना, महाराज हरतात हे मुलांना दाखवायचे? खानाची बाजू घ्यायला शिकवायचे? त्यांचा राग खोटा नव्हता, म्हणून इथे मोकळेपणाने लिहिते. ते वाचतीलच. मला असे वाटते की जो खेळ हरताच येत नाही त्यात जिंकण्याला किंमत राहत नाही. उंबरखिंडीत हार शक्य होती, नव्हे, साध्या हिशेबाने तीच होणार होती. नऊ महिन्यांपूर्वी पुणे गेले होते, सहा महिन्यांपूर्वी चाकण गेले होते. समोरची फौज मोठी, मागे शाएस्ताखानाची त्याहून मोठी. अशा वेळी जागा निवडली, वाट पाहिली, हेरांवर विश्वास ठेवला, आणि शत्रू पुरता आत शिरेपर्यंत एकाही माणसाला खोकू दिले नाही. ही बुद्धी दिसायची असेल तर समोर खरा शत्रू हवा. खानाला भित्रा आणि मूर्ख करून ठेवला, तर महाराजांनी केले काय? एका मूर्खाला हरवले? मग त्यात मोठेपणा कसला? फोनवर ते गप्प झाले. पटले असे म्हणाले नाहीत. महाराजांची मूर्ती कवड्यांच्या भरवशावर ठेवायची नाही, एवढे मी त्यांचे ऐकले. ती टेकडीवर आहे, तिच्यावर चाल करता येत नाही, आणि त्यात मलाही बरे वाटते.

खरी पंचाईत झाली ती सातव्या डावात. नात खानाकडून खेळत होती. निम्मे चिंचोके गेल्यावर तिने रायबागन उचलून पुढे आणली आणि म्हणाली, "मी शरण येते. सगळं सामान घ्या, आम्हाला जाऊ द्या." हे शिवभारतातलेच आहे. खान अजून लढायचे म्हणत होता, आणि रायबागनने त्याला बजावले की आपण वाघाच्या जाळीत शिरलो आहोत, आता अभय माग. पण धाकटा ऐकेना. त्याला उरलेले एकेचाळीस मुघल मारायचे होते. सापडले आहेत तर सोडायचे कशाला? आणि सोडले तर जिंकले कोण?

नियमात याचे उत्तर नव्हते. मी म्हटले, मारून बघ.

त्याने मारायला घेतले. सुटकेची आशाच नाही म्हटल्यावर नातीने खानाच्या माणसांना झाडीत घातले, निम्म्या चालीने, मरत मरत. डाव संपला तेव्हा मुघल सगळे पडले होते आणि तीस मावळ्यांपैकी अकरा उभे होते. मग मी त्याला नकाशा दाखवला. उंबरखिंडीनंतर महाराज थांबले नाहीत. नेताजी पालकरांना मुघलांवर नजर ठेवायला मागे ठेवून ते तसेच दक्षिणेला दाभोळ, संगमेश्वर, राजापूर असे गेले. त्याच मोहिमेत शृंगारपूर घेतले. पुण्यात शाएस्ताखान बसलेलाच होता, त्याच्यावरचा छापा पडायला अजून दोन वर्षे होती, ५ एप्रिल १६६३. "तुझ्याकडे अकरा माणसं आहेत. चल, जा राजापूरला," मी म्हटले.

तो बराच वेळ मूर्तींकडे बघत बसला. मग आम्ही चौथा नियम लिहिला. डाव संपल्यावर मराठ्यांचा उभा असलेला प्रत्येक मावळा दोन गुण, खानाचा प्रत्येक बैल तीन, आणि मारलेला मुघल शून्य. शून्य हा आकडा त्यानेच घातला. मी अर्धा म्हणत होते.

यानंतरचे डाव फार वेगळे झाले. शरणागती कधी मागायची आणि कधी द्यायची यावर घासाघीस होऊ लागली. एकीकडे चिंचोके मोजायचे, एकीकडे बैल. एकदा तर एकही माणूस न पडता डाव संपला, अर्ध्या तासाच्या बोलाचालीवर. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "लढाई खेळताय की जागेचा व्यवहार करताय?"

मुले गेल्यावर मूर्ती भरायला बसले तेव्हा एक अडचण आली. मावळ्यांचा खोका वेगळा, खानाचा वेगळा. त्या पागोटेवाल्या नऊ मूर्ती, गाढे, कोकाटे आणि जाधवांच्या, धाकट्याने दोन्ही खोक्यांत न ठेवता कापसात गुंडाळून तिसऱ्या डब्यात ठेवल्या होत्या. बिस्किटांचा डबा. वर चिठ्ठी चिकटवली आहे, 'अजून ठरायचे आहे'.

या मे महिन्यात ती दोघे आली की पेणची लढाई करायची आहे. १६६२ मध्ये नामदारखान मुघल फौज घेऊन पेणेकडे आला तेव्हा महाराज मिऱ्या डोंगरावर त्याच्यावर चालून गेले. पेणेस वाघोजी तुप्यांनी युद्ध केल्याची नोंद जेधे शकावलीत आहे. पेणकर रोज तो डोंगर बघतात, पण तिथे काय झाले ते दहांतल्या नवांना ठाऊक नसते. यात खिंड नाही, मोकळी उतरण आहे, म्हणजे नियम पुन्हा पहिल्यापासून. घोड्यांना पूर्ण चाल द्यावी लागेल. विद्यार्थ्याला फोन केला आहे. तो म्हणाला, बाई, आता गणपतीची घाई सुरू झाली, पण पंधरा घोडे काढून ठेवतो. शेपट्या तेवढ्या तुम्ही जपून न्या.